वडिलांची ८६ ची बुलेट : नव्या केबल टाकल्या आणि क्लच दगड झाला

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९८६ ची बुलेट ३५० गेल्या दिवाळीपासून उघडून बसलोय. स्टँडर्ड मॉडेल, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. अकरा वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत उभी होती. इंजिनचं काम झालं, फ्रेम आणि टाकी रंगवून आली, वायरिंग नवं केलं. आता शेवटच्या टप्प्यात केबलपाशी अडकलोय.

क्लच, एक्सलेटर, पुढचा ब्रेक, डिकॉम्प्रेसर (कीक सोपी जावी म्हणून कॉम्प्रेशन सोडणारा) आणि मीटर अशा पाच केबलचा तयार सेट बाजारातून आणला. मीटरची सोडून चार बसवल्या, आणि आता हे होतंय:

क्लच दाबायला दोन्ही हात लागतात. एवढा दाबूनही पहिला गिअर टाकला की गाडी पुढे सरकते. ॲडजस्टर पूर्ण बाहेर काढलाय, आता फिरवायला आटेच उरले नाहीत.

हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की इंजिन आपोआप रेस होतं.

पुढचा ब्रेक स्पंज दाबल्यासारखा लागतो. ड्रम आणि लायनर दोन्ही नवे आहेत.

कॉम्प्रेशन लागत नाही. कीक हाताने दाबली तरी खाली जाते. नवीन बोअर, नवीन पिस्टन असूनही.

इंजिन परत खोलायचं का, या विचाराने दोन रात्री झोप नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

नानापेठी

इंजिनला हात लावू नका. चारही तक्रारी केबलच्याच असू शकतात.

पहिला प्रश्न, जुन्या केबल आहेत की फेकल्या?

कृष्णाकाठ

क्लचची आणि ब्रेकची आहे. पोत्यात घालून ठेवली होती. एक्सलेटरची तुटून इतकी कुजली होती की टाकून दिली. डिकॉम्प्रेसरची गाडीवर नव्हतीच.

नानापेठी

वाचलात. जुनी केबल ही तुमची मोजपट्टी आहे, गाडी रस्त्यावर धावेपर्यंत तिला जपा.

आता एक काम करा. जुनी आणि नवी क्लच केबल जमिनीवर शेजारी शेजारी सरळ ताणून ठेवा. एकूण लांबी बघू नका. दोन्हींचा आउटर, म्हणजे तारेवरचं आवरण, एका टोकाला ढकला आणि दुसऱ्या टोकाला आउटरच्या बाहेर किती तार उघडी राहते ते मोजा. निपलपासून, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या बोंडापासून, आउटरच्या कडेपर्यंत. आमच्याकडे तिला मोकळी तार म्हणतात. इनरच्या, म्हणजे आतल्या तारेच्या, लांबीतून आउटरची लांबी वजा केली की जे उरतं ते हेच.

केबलचं सगळं गणित या मोकळ्या तारेत आहे. आउटर चार बोटं लांब असला तर वळण जरा मोठं होईल, एवढंच. पण मोकळी तार एक सेंटिमीटरने जरी चुकली तरी ॲडजस्टरच्या आवाक्यात बसत नाही. जास्त असेल तर ढिलेपण जात नाही आणि क्लच पूर्ण सुटत नाही. कमी असेल तर क्लच कायम थोडा ओढलेला राहतो आणि प्लेटा घसरतात.

उद्यमनगर

नानापेठींचं बरोबर आहे. मी कोल्हापुरात तीस वर्षं बुलेटच करतोय, म्हणून थोडं सांगतो.

भावा, आधी डिकॉम्प्रेसर. हेडवर जिथं केबल लागते तिथं ती सैल कर. पूर्ण सैल. मग कीक मारून बघ. केबल ताणलेली असली तर डिकॉम्प्रेसरचा व्हॉल्व किंचित उचललेला राहतो आणि सगळं कॉम्प्रेशन तिथनं निघून जातं. कान लाव, फुस्स आवाज येईल. बोअरिंग करून आलेल्या गाड्या केवळ एवढ्यासाठी परत उघडलेल्या मी बघितल्यात. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळं फिरणं पाहिजेच.

दुसरं, क्लच. केबलच्या आधी गिअरबॉक्स. उजव्या बाजूच्या कव्हरावर छोटी झाकणी आहे, ती काढ. आत लॉक नट आणि स्क्रू दिसतो. केबल पूर्ण ढिली कर, लॉक नट सोड, स्क्रू आत फिरव. आतल्या रॉडला टेकला की हाताला कळतं. तिथनं अर्धा आटा मागं घे आणि लॉक नट आवळ. यानंतर केबल. लोक उलटं करतात, आतलं तसंच ठेवून केबलनेच सगळं ओढायला बघतात. मग गिअरबॉक्सच्या आतला लिव्हर चुकीच्या कोनात उभा राहतो आणि क्लच जड लागतो.

तिसरं, फोटो टाक. केबल कुठनं कशी नेलीस ते दिसू दे. टाकी काढून.

कृष्णाकाठ

काका, डिकॉम्प्रेसर सैल केला. कीकवर उभा राहिलो तर गाडीने मला वर धरलं. खरंच एवढंच होतं! गेल्या महिन्याभरातली पहिली चांगली बातमी आहे ही. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

गिअरबॉक्सचा स्क्रू तुम्ही सांगितल्याप्रमाणे लावला. क्लच थोडा सुधारला, पण अजून जडच आहे.

मोकळी तार मोजली. नवी जुनीपेक्षा १४ मिलिमीटर जास्त भरली.

फोटो टाकलेत. टाकी काढून चार, आणि रंगाला देण्यापूर्वी काढलेले सहा.

रानजाई

एक्सलेटरचं कारण तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसतंय. केबल नीटनेटकी दिसावी म्हणून तुम्ही ती हँडलला आणि फ्रेमच्या मानेला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट बांधलीय. हँडल डावीकडे वळवलं की उजवी मूठ पुढे जाते, केबलला तेवढी लांबी सोडावी लागते. पट्टी सोडू देत नाही, मग आउटर ताणला जातो आणि आतली तार कार्ब्युरेटरची स्लाइड उचलते.

मानेजवळची पट्टी आजच कापा. केबलला मानेपाशी मोकळं फिरता आलं पाहिजे. नंतर गाडी मेन स्टँडवर, इंजिन सुरू, आयडलला, आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आवाज तसूभरही बदलता कामा नये. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. मी नाशिकला रहदारीच्या चौकात यू टर्न घेताना हे अनुभवलंय. गाडी वळवत असताना तीच पुढे पळायला लागली. मागे आई बसली होती. आम्ही दोघी थोडक्यात वाचलो.

मांडवीतीर

रानजाई, अगदी खरं. ही तपासणी प्रत्येक केबलला हवी. पुढच्या ब्रेकच्या केबलसाठी पुढचं चाक अधांतरी असताना एकदा, आणि कोणीतरी हँडलवर जोर देऊन शॉकअप दाबल्यावर एकदा बघायचं.

तेलाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे गोव्यात समुद्राचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. न तेलावलेली केबल दोन पावसाळे काढत नाही. नवी केबल आली की आधी बघा, आत प्लास्टिकची नळी आहे का. नळीवाली असेल तर ग्रीस भरू नका, धूळ धरून चिकट होते, ती कोरडीच चांगली चालते. साध्या लोखंडी आउटरची असेल तर बसवण्यापूर्वी तेल हवंच.

मी असं करतो. दुधाची रिकामी पिशवी धुऊन पूर्ण वाळवायची. एक कोपरा जेमतेम कापायचा, केबलचं वरचं टोक त्यातून आत घ्यायचं आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराने पिशवी आउटरला घट्ट गुंडाळायची. पिशवीत दोन चमचे इंजिन ऑइल. केबल खिळ्याला उभी टांगायची, खाली डबा. सकाळपर्यंत खालच्या टोकातून थेंब येतो. जुन्या केबलमधून आधी काळा, मग तांबूस थेंब येतो. स्वच्छ येईपर्यंत ओतत राहायचं.

पाऊसपाणी

बर्मिंगहॅमहून लिहितोय. जुन्या बुलेटांवर असायचे ते ॲमलचे कार्ब्युरेटर याच शहरातले. इथे जुन्या गाड्यांचे लोक केबल विकत घेण्यापेक्षा घरी बनवणं जास्त पसंत करतात, त्यांच्यात राहून मीही शिकलो.

कृष्णाकाठ, १४ मिलिमीटरसाठी नवी केबल फेकायची गरज नाही. आउटर चांगला असेल तर इनर तेवढी आखूड करून निपल पुन्हा झाळता येतो. पद्धत सांगतो.

तार कापण्याआधी कापायच्या जागेवर डाख (सोल्डर) भरून घ्या, नाहीतर कापताक्षणी पीळ सुटतो. कापल्यावर निपल ओवा. निपलच्या एका तोंडाला खोलगट वाटी असते, ती टोकाच्या बाजूला ठेवायची. टोकाकडचा तीन मिलिमीटरचा डाख वितळवून झटकून टाका आणि तेवढ्यातच पीळ उकलून धागे फुलासारखे पसरा. निपल त्या फुलावर ओढून घ्या, फूल वाटीत बसलं पाहिजे. निपल निसटू नये म्हणून खरी पकड ही फुलाची असते, डाख फक्त त्याला जागेवर धरून ठेवतो. नुसती सरळ तार झाळलेली मी हाताने उपटून काढून दाखवलीय.

रेडिओ दुरुस्तीची राळ भरलेली डाखाची तार इथे चालत नाही, लोखंडाला ती नीट धरत नाही. आम्लाचा फ्लक्स लागतो. आणि काम झाल्यावर सोड्याच्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर तेच आम्ल आत राहून तार खातं.

उष्णता बेताची. कथील-शिशाचा ६३/३७ डाख १८३ अंश सेल्सियसला वितळतो, त्याच्या थोडं वर पुरे. गॅसच्या ज्योतीने तार लाल केलीत तर तिचं पोलाद मऊ पडतं आणि ती निपलच्या तोंडाशीच तुटते.

नानापेठी

एवढा खटाटोप कशाला? स्क्रूवाला निपल मिळतो, दहा मिनिटांचं काम. मी माझ्या गाडीला एक्सलेटरला लावलाय, चार वर्षं चाललाय.

उद्यमनगर

एक्सलेटरला ठीक. तिथं ओढ किती, नुसत्या स्लाइडच्या स्प्रिंगची. क्लचला रस्त्यात अडचण म्हणून घरापर्यंत पोचायला ठीक. पण पुढच्या ब्रेकला स्क्रूवाला निपल लावू नका, कुणीच लावू नका. स्क्रू तारेचे धागे चेपतो, एकेक करून ते तुटतात, आणि शेवटचे नेमके तेव्हा सुटतात जेव्हा तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबलेला असतो. नानापेठी, तुम्ही जाणकार आहात, पण ही चर्चा उद्या एखादा नवा पोरगा वाचेल. म्हणून स्पष्ट लिहितोय.

नानापेठी

मान्य, काका. ब्रेकसाठी मीही लावणार नाही. माझ्या प्रतिसादात ते लिहायला हवं होतं.

उद्यमनगर

आता क्लच. तुझे जुने फोटो मोठे करून बघितले. रंगाला देण्यापूर्वीचा दुसरा फोटो उघड. फ्रेमच्या मानेला डाव्या अंगाला, टाकीच्या पुढच्या रबराच्या जरा खाली, बोटाएवढा पट्टा चकचकीत दिसतोय बघ. काळा रंग उडून लोखंड पॉलिश झाल्यासारखं. तसाच दुसरा पट्टा मागं, टाकीखालचा पाइप जिथं सीटकडं वळतो तिथं, उजव्या अंगाला.

ते रंग उडाल्याचे डाग नव्हेत भावा. ती तुझी क्लच केबल आहे. इतकी वर्षं तिथंच घासत होती.

तू आता ती मानेच्या पुढनं उजवीकडं घेतलीस आणि सिलिंडरच्या हेडजवळनं खाली सोडलीस. त्यात दोन आखूड वळणं आली. वळण जितकं आखूड, तितकी तार आउटरच्या आतल्या भिंतीवर घासते. जडपणा तिथला आहे. शिवाय हेडची धग लागून आउटरचं प्लास्टिक वितळेल ते वेगळंच. जुन्या खुणेवरनं ने. डावीकडनं मानेला लागून टाकीखाली, मागं जाऊन उजवीकडं, आणि तिथनं मोठ्या वळणानं गिअरबॉक्सवर.

रानजाई

काका, तो पट्टा मी दोनदा फोटो बघूनही मला दिसला नव्हता.

सगळ्यांसाठी, गाडी उघडण्यापूर्वी टाकी काढून फोटो काढाच. आणि जुनी केबल काढताना तिच्या टोकाला नायलॉनचा दोरा बांधून ओढा. केबल बाहेर आली की दोरा तिच्या वाटेवर राहतो. नवी केबल त्याच दोऱ्याला बांधून परत आत घ्यायची.

कृष्णाकाठ

आठवडा झाला, सविस्तर लिहितो.

एक्सलेटरच्या पट्ट्या कापल्या. दोन्ही टोकांना आवाज स्थिर. रानजाईताई, तुमच्या आईंचा प्रसंग वाचून काळजात धस्स झालं. मनापासून आभार.

ब्रेकसाठी बायकोला लिव्हर दाबायला सांगून मी केबलकडे बघत बसलो. दाबताना नव्या केबलचा आउटर प्रत्येक वळणाशी हलत होता, आक्रसत होता. म्हणजे आमची निम्मी ताकद आउटर चेपण्यातच जात होती. जुना आउटर पोत्यातून काढून पाहिला. त्याच्या आतली गुंडाळी चपट्या तारेची आणि गच्च आहे, नव्याची गोल तारेची आणि विरळ. जुन्या आउटरचं प्लास्टिक दोन ठिकाणी तडकलं होतं, पण आत गंज नव्हता. तरी ब्रेक म्हणून धोका घेतला नाही. कोल्हापूरला काकांकडे गेलो, त्यांच्याकडून जाड आउटरची केबल घेतली. येताना त्यांनी एक सांगितलं ते इथे नोंदवतो. पुढच्या चाकाचा ॲक्सल किंचित सैल करायचा, ब्रेक जोरात दाबून धरायचा, आणि दाबलेला असतानाच ॲक्सल आवळायचा. त्यामुळे लायनर ड्रमच्या मधोमध बसतात. ब्रेक आता लाकडावर दाबल्यासारखा घट्ट लागतो.

क्लचची केबल जुन्या खुणेवरून नेली. एवढ्यानेच निम्मा जडपणा गेला.

मग निपल. पाऊसपाणी यांच्या पद्धतीने आधी निकामी तारेच्या तुकड्यांवर पाच वेळा झाळून पाहिला. पहिले तीन उपटले गेले, चौथा आणि पाचवा टिकला. पाचव्याला पाण्याने भरलेली वीस लिटरची कॅन रात्रभर टांगली, सकाळी जशीच्या तशी. मग खऱ्या केबलला हात घातला.

हे करताना जुन्या क्लच केबलचं लिव्हरकडचं टोक हातात आलं. आतापर्यंत नीट बघितलंच नव्हतं. दुसऱ्या टोकाचा निपल पांढरट, साच्यातला. हा मात्र पितळेचा, लेथवर काढलेला, कडेला हत्याराच्या बारीक रेघा. वाटीत तारेचं फूल, आणि त्यावर डाख इतका सफाईने भरलेला की धागे मोजता येतात.

ओट्यावर बाबांना नेऊन दाखवला. ते ७६ वर्षांचे आहेत, गुडघ्यामुळे कीक मारता येत नाही. निपल अंगठ्यावर फिरवून म्हणाले, "हा मी केलाय. तार तुटली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकाने लेथवर निपल काढून दिला, आणि झाळायला त्याच्याच बाकावर बसलो." मग त्यांनी निपलच्या बाजूला नख लावून विचारलं, "इथे ग्रीस घातलंस का? लिव्हरमध्ये निपल फिरला पाहिजे. नाही फिरला तर प्रत्येक दाबाला तार निपलच्या तोंडाशी वाकते. माझी तिथेच तुटली होती."

मी घातलं नव्हतं. घातलं.

उद्यमनगर

वडलांना माझा नमस्कार सांग. क्लचच्या दहा तारा तुटल्या तर आठ तिथंच तुटतात, आणि कारण तेच. केबलला तेल घालणारे भेटतात, निपलला ग्रीस घालणारा शंभरात एक. कुणाच्या बाकावर बसले होते ते विचार. त्या गल्लीतले बरेचसे मला माहीत आहेत.

पाऊसपाणी

त्या पितळी निपलचा फोटो टाकाल का? जवळून, उजेडात.

कृष्णाकाठ

फोटो टाकलाय. काका, बाबांना नाव आठवत नाही. शेड पिंपळाच्या झाडाखाली होती आणि मालक डावखुरे होते, एवढं आठवतं.

आज सकाळी गाडी काढली. ॲम्पिअर मीटरचा काटा मध्ये आणला, डिकॉम्प्रेसर दाबून कीक थोडी खाली घेतली, सोडला, मारली. दुसऱ्या किकेला सुरू. पहिला गिअर टाकला, क्लच दाबलेला, गाडी जागची हलली नाही. लिव्हरच्या सांध्यापाशी दोन मिलिमीटर मोकळं ठेवलंय.

मागे पायरी धरून बाबांना बसवलं, मळ्यापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर ते उतरले, हँडलपाशी आले आणि दोन बोटांनी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग वाकून चाकाकडे बघितलं. "मीटरची केबल कुठाय?"

उद्या ती टाकतोय. तिला दुधाची पिशवी चालेल का?

मांडवीतीर

नको! ती ओढणारी केबल नाही, आतली तार गोल फिरते. वरून तेल ओतलंत तर फिरता फिरता ते चढून मीटरच्या आत जातं आणि काटा चिकटतो. तार बाहेर काढा, चाकाकडच्या दोन तृतीयांश भागाला बोटाने पातळ ग्रीस लावा, वरचा भाग कोरडा ठेवा. बसवताना तारेचं चौकोनी टोक खाली बरोबर खाचेत गेलंय ना ते चाक हाताने फिरवून बघा, आणि मगच वरचं नट आवळा.

उद्यमनगर

डावखुरा आणि पिंपळाखालची शेड म्हटल्यावर ओळखलं. शेड अजून आहे, मुलगा चालवतो. वडलांना घेऊन ये, मी सोबत येतो. येताना ती जुनी केबल आण.